निवडून टाका

सणसवाडीच्या कारखान्यात आमच्या क्वालिटी विभागात नवीन सॉफ्टवेअर आलं, तेव्हा मला त्याचं भारी कौतुक वाटलं. मशीनवर झालेल्या प्रत्येक स्प्रिंगचं माप म्हणजे पडद्यावर एक ठिपका. माउसने काही ठिपक्यांभोवती कुंपण घातलं की तेवढे निळे होतात, बाकीचे फिके पडतात. हे असं का आणि ते तसं का, म्हणून मी जेवणाच्या सुट्टीतही त्याच्याशी खेळत बसायचे.

माझ्या शेजारी दौंडकडची एक शिकाऊ मुलगी बसायची. तिची मुदत संपत आली होती. कायम व्हायचं की गावी परतायचं, हे साहेबांसमोरच्या चाचणीवर ठरणार होतं. परतली की घरचे लगेच लग्न उरकणार, आणि तिला ते मुळीच नको होतं.

चाचणीला मीही होते. तिने आलेख झकास काढला. बहुतेक ठिपके एकमेकांना चिकटून, काही मात्र पार लांब पडलेले. साहेब म्हणाले, "ते लांबचे जरा निवडून टाका."

तिने कुंपण घातलं. ठिपके निळे झाले आणि लगेच गायब! तिने डिलीट दाबलं होतं.

"अहो, तेच तर बघायचे होते!" साहेब ओरडले.

"तुम्हीच म्हणाला न्हवं, निवडून टाका म्हणून?" ती रडवेली झाली. "आम्ही तांदळातलं खडं निवडून टाकतो, तसं टाकलं."

माझं डोकं मात्र भलतीकडेच धावलं. खरंच की! तांदूळ निवडताना हात लागतो तो खड्यांना, आणि निवडलेले म्हणतो आपण मागे राहिलेल्या तांदळाला. कॉम्प्युटरचं उलटं, ज्याला हात लावाल तेच निवडलेलं. मी रोज दोन्ही करते, तरी हे कधी लक्षात आलं नव्हतं. मला राहवेना.

"साहेब, घोळ तुमच्या मराठीने केलाय," मी म्हणून टाकलं.

साहेब हसले नाहीत. तिने ठिपके परत आणले, ते लांब का पडले असावेत हेही नीट सांगितलं. मग आम्हाला बाहेर थांबायला सांगण्यात आलं.

थोड्या वेळाने साहेब दारात आले. "तुम्हाला निवडलंय," ते तिला म्हणाले.

तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हंजी साहेब, ठेवलं का टाकलं?"

"ठेवलं," साहेब म्हणाले, आणि ती तिथंच भिंतीला टेकून रडायला लागली.