मी धावलो आणि गाव मागे लागलं

तुम्ही शेवटचं कधी धावलात? मागे कुत्रं लागलेलं नसताना, असं विचारतोय.

मी त्या हिवाळ्यात रोज धावायचं ठरवलं. अमरावतीला लांब पल्ल्याची शर्यत होती आणि शेवटपर्यंत पोचणाऱ्याला टी-शर्ट मिळणार होता. मला टी-शर्टाचा मोह नव्हता. (होता.) मला फक्त सिद्ध करायचं होतं की दम पायांत नसतो, मनात असतो. आमच्या घरी पाळण्यावर खेळण्यांऐवजी कापसाच्या भावासाठीच्या आंदोलनाची पत्रकं लोंबकळत, त्यामुळे धावण्याआधी मी पत्रक काढलं. ‘पाय थकतात, मन थकत नाही! गावकऱ्यांनो, उद्यापासून धावा!’ दर्यापूरला झेरॉक्स मारून गावभर वाटलं.

एक गोष्ट मात्र विसरलो. त्या वर्षांत आमच्याकडे कोणी उगाच पळत नसे. आधी सोयाबीन गेलं, मग कपाशी गेली, आणि सकाळी सकाळी शेताकडे पळणारा माणूस दिसला की गाव त्याचा एकच अर्थ काढायचं. तो तोंडाने कोणी बोलायचं नाही. त्यात माझा रस्ता दिनूकाकाच्या शेतावरून जात होता. काका दोन दिवस घरी आला नव्हता. कोणी विचारलं की काकू “हायेत वावरात” म्हणायची आणि पुन्हा दाराकडे बघत बसायची.

उजाडताना निघालो. हापशीवर सत्तरीची वच्छलामावशी पाणी भरत होती.

“कावून पळून राह्यला रे?”

धावताना बोलायचं नाही, दम वाया जातो, हा माझा नियम. मी न थांबता फक्त पुढे शेतांकडे बोट दाखवलं. मागे घागर पडल्याचा आवाज आला.

वळणावर मागे पाहिलं तर आठ-दहा माणसं धावत येत होती. पुढच्या वळणावर अर्धं गाव! माझा ऊर भरून आला. इतक्या लवकर परिणाम झालेलं पत्रक आमच्या घराण्यात तरी नव्हतं.

“जोर लावा!” मी ओरडलो. “पोचलंच पाहिजे!”

त्यांनी खरोखरच जोर लावला. माझी माय चपला हातात घेऊन माझ्या बरोबरीला आली.

“काय झालं, सांग ना बाप्पा.”

“माय, मन घट्ट कर. सगळं मनावरच हाय.”

माय रडायला लागली. (मला वाटलं, विचार पोचला.)

तेवढ्यात काकू आली. ती कोणाशी बोलली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. साडीचा ओचा खोचून अशी पुढे गेली की मला थोडा अपमानच वाटला. मागून शकूरचाचांची जीप आली. दर्यापूरच्या सवाऱ्या भरलेल्या, तरी त्यांनी ती शेताच्या वाटेला घातली होती.

“बैठ जा बेटा, जल्दी पहुंचेंगे.”

“चाचा, गाड़ी में बैठा तो मतलब क्या रहा?”

चाचांनी सवाऱ्यांकडे वळून हळूच सांगितलं, “लड़के को सदमा लगा है.” आणि जीप माझ्या वेगाने चालवायला घेतली. दोन सवाऱ्या वैतागून उतरल्या आणि पायी पुढे निघून गेल्या.

शेतात काका शेकोटीजवळ निंबाच्या काडीने दात घासत बसला होता. अख्खं गाव अंगावर येताना बघून तो उठून उभा राहिला.

“कोन गेलं?”

काकूने त्याचा सदरा दोन्ही हातांनी धरला. “तुमी,” ती म्हणाली. “तुमी गेले म्हनून पळत आली मी.”

काकाने तिचे हात सोडवले नाहीत. मग पुटपुटला, “डुकरं हरभऱ्यात घुसून राह्यले, म्हनून राखत होतो. सांगाचं राह्यलं.”

त्यानंतर मी पोचलो. स्वतःच्या शर्यतीत शेवटचा, वच्छलामावशीच्याही मागे.

“मंग तू कावून पळत होता?” मायने विचारलं.

“सराव. शर्यतीचा. पत्रक वाचलं नाई का कोनी?”

“त्याच्यावर म्या भजे खाल्ले,” मावशी म्हणाली. “पातळ हाय कागद.”

दम मनातच असतो, हे मी आजही ठासून सांगतो. पण त्या पत्रकात एक ओळ कमी होती: पल्ल्याच्या दुसऱ्या टोकाला आपलं माणूस असावं लागतं. काकूला कोणी सराव दिला नव्हता.

अमरावतीच्या शर्यतीला सगळे शकूरचाचांच्या जीपने आले. अर्ध्यावर माझं न थकणारं मन थकलं आणि मी चालू लागलो. काकू जीपमधून उतरली. “चाल रे, तुया काका पुढं उभा हाय,” म्हणत ती शेजारी पळू लागली, आणि सवयीप्रमाणे पुढे निघून गेली. टी-शर्ट एकच उरला होता. तो तिला मिळाला. कापूस वेचताना ती तो साडीवर घालते.

तेव्हा एक विनंती. तुमच्या ओळखीचं कोणी दोन दिवस दिसलं नसेल, तर हे वाचणं इथेच सोडा आणि त्याच्याकडे जाऊन या. धावलंच पाहिजे असं नाही, चालत गेलात तरी चालेल. मीही बहुतेक चालतच होतो.