रशीदभाईंनी मागितलेली दहा मिनिटं

रशीदभाई गेल्याचं मला ऑपरेशन थिएटरात कळलं. एका शिक्षकाच्या मोडलेल्या नडगीत रॉड बसवणं चालू होतं. सिस्टरनं दारातून डोकं आत घातलं आणि म्हणाली, "सर, स्कॅन सेंटरचे रशीदभाई गेले... सकाळी चहा पिता पिता." मी "बरं" म्हणालो आणि पुढचा स्क्रू मागितला. हात जराही हलला नाही याचं तेव्हा मला कौतुकच वाटलं. बाहेर आलो, हातमोजे काढले आणि खुर्चीत जो बसलो तो बराच वेळ उठलोच नाही. याला आता पाच आठवडे होतील.

ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला, एका बियाणे कंपनीच्या ऑफिसखाली सीटी स्कॅनचं सेंटर होतं. मशीन मोठ्या शहरात वापरून झालेलं, जुनं. ते चालवायचे रशीदभाई. बुटके, केसांना मेंदी, खिशाला शाईचा डाग आणि तोंडात कायम काहीतरी उत्तर तयार. मी हाडांचा डॉक्टर. मी लोकांच्या हाडांत रॉड आणि प्लेटा बसवायच्या आणि त्यांनी त्या धातूच्या आजूबाजूचं चित्र काढायचं, असा आमचा दहा-बारा वर्षांचा संबंध. पहिल्याच भेटीत मला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, जालन्यात लोखंडाच्या भट्ट्या काय कमी हायत, की तुम्ही माणसातबी सळया भरून राह्यले?" मला राग आला होता. मला राग लवकर येतो, हे जालन्यात रिक्षावाल्यांनाही माहीत आहे.

सेंटरच्या छापील फॉर्मवर एक प्रश्न असायचा, "शरीरात धातू आहे का?" आमचे लोक अंगठी, जोडवी, करदोडा सगळं काढून ठेवायचे आणि खुशाल "न्हाई" सांगायचे. प्लेट बसवून दहा वर्षं झालेली असली की ती त्यांच्या लेखी हाडच होऊन गेलेली असायची. रशीदभाईंनी तो फॉर्म बाजूला सारला आणि स्वतःचा प्रश्न काढला, "मामा, थंडीत कुठं ठणकतं?" म्हातारा बरोबर त्या जागेवर हात ठेवायचा. हे आधी कळणं फार गरजेचं होतं, कारण धातू मशीनच्या किरणांना अडवतो आणि चित्रभर काळे-पांढरे पट्टे उमटतात. तेव्हा आमचा सगळ्यांचा उपाय एकच... किरणांचा जोर वाढवा, पुन्हा घ्या, जास्त भाग घ्या. ते किरण पेशंटच्या अंगातून जातात, दिसत नाहीत, दुखत नाहीत, म्हणून आम्हा डॉक्टरांना त्यांचं काही वाटायचं नाही. रशीदभाईंना वाटायचं.

वडीगोद्रीच्या काशिनाथरावांची मुलगी मनीषा तेव्हा पंधरा वर्षांची होती. जीप उलटली आणि तिच्या खुब्याची वाटी फुटली. दुसरीकडे कुठेतरी प्लेट बसवून घेतली होती, पण सहा महिने झाले तरी पोरीचं लंगडणं जाईना. मला शंका आली की प्लेटचा एखादा स्क्रू वाटीतून आरपार सांध्यात घुसला असावा. तसं असेल तर तो लवकर काढायला हवा होता, नाहीतर सांधा झिजून पोर जन्माची अधू झाली असती. आणि नसेल, तर खुबा उगाच उघडायचा नव्हता. सगळं त्या स्कॅनवर होतं. काशिनाथराव बाहेर बाकावर बसले आणि मी आत रशीदभाईंच्या खुर्चीमागे उभा राहिलो. पहिलं चित्र आलं. नुसते पट्टे. मी म्हणालो, "करंट वाढवा आणि पूर्ण कंबर घ्या."

"न्हाई साहेब."

"नाही म्हणजे?"

"ट्रकच्या मागं माणूस उभा हाय. हेडलाइट वाढवून तो दिसंल का? आपल्यालाच बाजूला सरकावं लागतंय. पोरीची जात, उद्या तिला लेकरं व्हतील. तिच्या पोटात उगं कशाला घालायचं? मला दहा मिनिटं द्या, तिला जरा वळवून बघतो."

मी दहा मिनिटं दिली नाहीत. टेक्निशियननं सर्जनला शिकवावं, तेही माझ्यासोबत आलेल्या कंपाउंडरसमोर, हे मला झोंबलं. मी स्कॅनची चिठ्ठी फाडली, नवी लिहिली, तिच्यात "पूर्ण कंबर, जास्त करंट" असं ठसठशीत घातलं आणि मनीषाला औरंगाबादला पाठवलं. चार दिवसांनी काशिनाथराव फिल्मांचा जाडजूड गठ्ठा घेऊन आले. तिथल्यांनी माझ्या चिठ्ठीबरहुकूम स्कॅन घेतला होता, नीट आला नाही म्हणून पुन्हा घेतला होता. पट्टे जिथल्या तिथे. स्क्रू काही दिसेना.

मी रशीदभाईंना फोन केला. माफी मागितली नाही. "जरा तुम्ही बघा," एवढंच म्हणालो. त्यांनी विचारलं, "तिथं किती येळा घेतला?" मी सांगितलं, दोनदा. ते म्हणाले, "पाठवा जल्दी."

त्या दुपारी मी जे पाहिलं ते पुस्तकात वाचलेलं नव्हतं. अर्धा तास त्यांनी बटणाला हातच लावला नाही. पहिल्या दिवशी घेतलेलं एकच आडवं चित्र समोर धरून, त्यावर पट्टी ठेवून स्क्रूचा कल बघत राहिले. मग मनीषाच्या कमरेखाली चादरीची घडी घातली, काढली, अर्धी करून पुन्हा घातली. गुडघ्याखाली उशी दिली. मशीनचं ते मोठं कडं थोडं कलतं केलं. किरण स्क्रूच्या लांबीतून न जाता त्याच्या जाडीतून जावेत, म्हणजे लोखंड कमीत कमी आडवं येईल, एवढ्यासाठी ही खटपट. "बेटा, दुखून राह्यलं का? बस, अशीच ऱ्हा." आणि मग फक्त सांध्याची, मोजून आठ चित्रं. पट्टे होतेच, पण बाजूला सरकले होते. मधल्या मोकळ्या जागेत स्क्रूचं टोक स्वच्छ दिसत होतं. सांध्याच्या आत.

माझ्या अंगावर काटा आला. पुढे मी मोठमोठी मशीनं पाहिली, पण तसं पुन्हा झालं नाही. जे दिसत नाही, लागत नाही, ज्याबद्दल त्यांना जन्मात कुणी जाब विचारला नसता, ते हा माणूस स्वतःच्या अंगावर घेतल्यासारखं जपत होता. इतकी माणुसकी आणि इतकी अक्कल एका ठिकाणी मी तरी दुसरीकडे पाहिली नाही. आठवड्याभरात मी तो स्क्रू काढला. मनीषा चालायला लागली आणि सगळ्या अंबड तालुक्यात माझं नाव झालं.

रशीदभाई गेल्यावर त्यांच्या घरी भेटायला गेलो तर काशिनाथराव तिथे आधीच ओट्यावर बसलेले. बाजूला मोसंबीच्या दोन टोपल्या. मनीषाच्या ऑपरेशननंतर दर साली त्यांच्या बागेतली एक टोपली माझ्या घरी येते. मला वाटायचं, ऑपरेशनची आठवण.

"आपरेशन काय, कुणीबी केलं असतं," काशिनाथराव सहज बोलून गेले. "औरंगाबादहून आल्तो तव्हा मी तुमच्याकडून पोरगी काढूनच नेणार व्हतो. लोक म्हणले, इतके फोटो पोरीला वाईट. मंग हे रशीदभाई म्हणले, 'डॉक्टरसाहेबांनीच मला बजावलंय, रशीद, पोरीचं पोट सांभाळ, फोटो कमीत कमी घे. असा डॉक्टर सोडू नका.' म्हणून तर टोपली धाडतो तुम्हाला."

मी तिथेच, ओट्यावर बसून, सगळं सांगितलं. दहा मिनिटं, फाडलेली चिठ्ठी, औरंगाबाद, सगळं. काशिनाथराव हातातल्या टोपीकडे बघत ऐकत होते. शेवटी मी म्हणालो, "यंदाची माझी टोपलीही याच घरात ठेवा. मागच्या सगळ्या इथल्याच होत्या."

मग एक टोपली उचलून त्यांनी माझ्या पायाशी ठेवली.

"न्हाई साहेब. त्यांनी ते तुमच्या नावानं देऊन टाकलं. त्यांचं दिलेलं मी कसं परत घेऊ?"

टोपली घेऊन घरी आलो. एक मोसंबी सोलली आणि बसून, एकेक फोड करत, सगळी खाल्ली.