कौतुकाची सर्व्हिस

जपानमधल्या आमच्या उरायासुच्या घरी पाहुणे आले की चहा झाल्यावर आई फोन टीव्हीला जोडते आणि माझी सर्व्हिस दाखवते. गुडघ्याला जाड पट्टा बांधून मी लंगडत कोर्टवर येते, शाळकरी मुलीसारखा खालून बॉल टोलवते, बॉल नेटपलीकडे जातो, तिथे कोणी हलत नाही, बॉल जमिनीवर पडतो आणि अख्खा हॉल टाळ्या वाजवतो. आईचे डोळे अजूनही भरून येतात. मी तेवढ्यात कचरा वेगळा करायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात सटकते.

सेंदाईच्या विद्यापीठात मी चार वर्षं व्हॉलीबॉल खेळले असं आईबाबा सगळ्यांना सांगतात. खेळले तीनच. चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला सरावात ब्लॉक करून खाली येताना गुडघा फिरला, लिगामेंट तुटलं आणि सगळा सीझन मी बाटल्या भरण्यात आणि बॉल पुसण्यात घालवला. इथे दुखापत झाली म्हणून घरी बसायचं नसतं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उपयोगी पडत राहायचं असतं.

शेवटच्या मॅचला आईबाबा शिनकान्सेन बुलेट ट्रेनने आले. आम्ही हरतच होतो. कॅप्टन माझ्यासमोर येऊन वाकली आणि म्हणाली की इतकी वर्षं सोबत असलेल्या मुलीला कोर्टवर पाय न ठेवता निरोप द्यायचा हे कोणालाच पटत नाहीये. अशी शेवटची एक सर्व्हिस द्यायची इथे पद्धतच आहे. मला ती नको होती. लंगडत जाऊन दया गोळा करायची हौस मला नव्हती. पण बाबा गॅलरीतून अंगठा दाखवत होते, आई फोन धरून उभी होती आणि कोचनी बदली खेळाडू म्हणून माझा नंबर रेफ्रीला आधीच देऊन टाकला होता. समोरच्या टीमलाही कोणीतरी सांगून ठेवलं असणार. त्यांनी बॉल पडू दिला आणि वर मला वाकून नमस्कार केला.

हिवाळ्यात अमेरिकेतल्या मावसभावाचा फोन आला. तो तिथल्या कॉलेजात फुटबॉल खेळतो. पाय मोडून एक सीझन बाहेर बसला होता, तरी त्याचं खेळायचं वर्ष शिल्लक राहिलं. तिकडे याला रेडशर्ट म्हणतात, असं तो सहज बोलून गेला. मी लगेच आमच्या टीमच्या मॅनेजर मुलीला शोधायला लावलं. आमच्या लीगमध्येही तसा नियम निघाला. दुखापतीमुळे सीझनभर एकाही मॅचमध्ये न उतरलेल्या खेळाडूला पाचव्या वर्षी खेळता येतं. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला, कारण त्या दिवशी तीही टाळ्या वाजवत होती.

तरी मी हटून बसले. एक विषय मुद्दाम मागे ठेवून आणखी एक वर्ष विद्यापीठात राहायचं ठरवलं. बाबा बँकेतले, त्यांच्या लेखी वर्ष वाया जाणं म्हणजे घराण्याला काळिमा, पण त्यांनाही कसंबसं मनवलं. डॉक्टरांचं सर्टिफिकेट घेऊन लीगच्या ऑफिसात गेले. एका पायावर उभं राहून एकदा बॉल मारला, याला काय खेळणं म्हणतात, असं विचारलं. तिथल्या वयस्कर गृहस्थांनी मला चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "फार वाईट वाटतं. पण त्या मॅचमध्ये तुमच्या नावावर एक पॉइंट लागलाय."

सगळे माझ्याशी चांगले वागले, याचाच मला संताप येतो. कोणी दावा साधला असता तर त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या. तो मागे ठेवायचा विषय मी निमूटपणे पास झाले आणि एप्रिलमध्ये नोकरीला लागले. उन्हाळ्यात गुडघा ठणठणीत झाला. आता त्याला फक्त ऑफिसचे जिने चढायचे असतात.

गेल्या महिन्यात बाबांच्या बँकेतलं एक कुटुंब जेवायला आलं होतं. व्हिडिओ संपल्यावर त्या काकूंनी विचारलं, त्यानंतर खेळली नाहीस का. तीच शेवटची, शेवट किती छान झाला बघा, असं आईच म्हणाली. मला राहवलं नाही.

"आई, त्या एका पॉइंटपायी माझं अख्खं वर्ष गेलं. तुला माहितीये."

"माहितीये गं," आई म्हणाली. "पण ते वर्ष सेंदाईला येऊन कोण बघणार होतं? हे तरी आहे ना आपल्याकडे."

काका तेवढ्यात हात धुऊन बाहेर आले. त्यांचं बघायचं राहिलं होतं म्हणून आईने ते पुन्हा पहिल्यापासून लावलं.