काशीआत्यानं राखलेलं गवत

गावाहून, दाभोशाहून, आतेभाऊ महादूचा फोन आला तेव्हा मी जव्हारच्या शाळेत हजेरी घेत होतो. "दादा, आई गेली," एवढंच म्हणाला. काशीआत्या, माझ्या वडिलांची धाकटी बहीण. सहा आठवडे झाले, तरी तिच्याविषयी आधी 'आहे' लिहितो, मग खोडून 'होती' करतो...

तिच्या नाचणीच्या शेताच्या वर, गावच्या माळावर पावसाळ्यात तणमोर यायचा. कोंबडीएवढा, लांब मानेचा पक्षी. गवताळ माळच संपत आले, म्हणून देशभरात आता मोजकेच उरलेत. नर गवतातून टुणकन उसळतो नि पुन्हा गडप. आत्या त्याला 'उड्या' म्हणायची. "चल रे, उड्या आला," म्हणत मला बांधावर पालथं झोपवायची. पुस्तकं मी वाचली, पक्षी बघायला मात्र तिनं शिकवलं.

मास्तर झाल्यावर एका भादव्यात तिनं मला अंड्यांवर बसलेली मादी दाखवली. कुणाचा पाय पडू नये म्हणून मी भोवतीच्या गवताच्या शेंड्यांना गाठी मारल्या. डोंबलाचं शहाणपण! आमच्याकडे अशी गाठ म्हणजे 'हे गवत माझं' अशी खूण. लहानपणापासून ठाऊक होतं, पण नोकरीत पार विसरलो. मास्तरला सवड कुठली, म्हणून महादूनं मोठ्या प्रेमानं माझा हिरवा चारा सगळ्यांआधी कापून, भारे बांधून ठेवला. अंडी फुटली. आत्या रागावली नाही, तेच जास्त लागलं. टरफलं पदरात घेत म्हणाली, "मला इचारायचं तरी होतंस रे." मी तिच्यासमोर रडलो, हे सांगायला लाज वाटत नाही.

पुढच्या पावसाळ्यात ती घरोघर फिरली. त्या तुकड्याला विळा लावू नका, तो उड्याचा, असं प्रत्येकाला सांगितलं. स्वतःच्या बैलांसाठी चारा लांबून डोक्यावर आणायची. लोक हसले, पण कुणी विळा लावला नाही. पुढं दोन वर्षं पिल्लं निघाली. मग पक्षी येईनासा झाला. गेली तीन वर्षं तर एकही नाही... तरी आत्या रोज संध्याकाळी बघून यायची.

गेल्या रविवारी मी महादूच्या बायकोला, सुमनला, सांगायलाच गेलो होतो की आता पुरे, काप ते गवत. ती डोक्यावर भारा घेऊन लांबच्या उतारावरून येत होती. मी बोललो. ती थांबली.

"दादा, उद्या तो आला तर उतरंल कुठं?"

तिच्या डोक्यावरचा भारा मी माझ्या डोक्यावर घेतला आणि त्या तुकड्याला वळसा घालून तिच्या मागोमाग घराकडे चालू लागलो.