मनीला आकडी नव्हती

कामोठ्याच्या गुणाबाईनं पोर मारली, असं गावात कुणी म्हणत नसे. पोर तिच्या हातात गेली, एवढंच म्हणत. शिक्षा झाल्यावरही तेच म्हणत राहिले, आणि गुणाबाईला त्याचाच जास्त त्रास होई.

मनिषा, म्हणजे मनी, तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण दुसऱ्या बाळंतपणात गेली तेव्हा मनी तीन वर्षांची होती. बाप गणू पळस्पे फाट्यावर ट्रकच्या गॅरेजात कामाला. पोरीला काखेत घेऊन आला नि म्हणाला, "आक्का, मना नाय जमत. आता तूच हिची आय."

गुणाबाई विधवा, पोटी मूल नाही, मिठागरावर जाणारी. तिनं पोर घेतली. पनवेलच्या बाजारातून लाल रिबिनी आणल्या, खाडीचे निवटे भाजून काटे काढून भरवले. 'मावशी'ची 'आये' कधी झाली ते दोघींनाही कळलं नाही.

एकच होतं. मनी झोपेत अंथरूण ओलं करायची. तसं झालं की सकाळी गोधडी धुवा, वाळत घाला, मग धावत मिठागर गाठा.

त्या भागात पोराला आकडी आली की डाग देतात. हळकुंडाचं टोक दिव्यावर धरायचं, पोटाला टेकवायचं नि लगेच उचलायचं. डॉक्टर ओरडतात, तरी देतात. गावात हे काम ठमाबाईचं.

अठ्ठ्याऐंशी सालच्या माघातली ती सकाळ. सलग चौथी गोधडी ओली. उशीर होतो म्हणून मुकादम आदल्या दिवशी चारचौघींत बोलला होता. गुणाबाई ठमाबाईकडे गेली नाही, हळकुंडही घेतलं नाही. चुलीतलं तापलेलं उलथनं उचललं. डागानं ही खोड जाते, असं ती मनाशी म्हणाली खरी. पण हात ज्या जोरानं गेला तो जोर औषधाचा नव्हता. हे तिला तेव्हाच कळलं.

मग ती घाबरली. लोक काय म्हणतील, डॉक्टर काय विचारतील, म्हणून घरीच हळद नि खोबरेल लावत बसली. आठव्या दिवशी पोर तापानं फणफणली तेव्हा दवाखान्यात नेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मनी गेली. हे कशानं भाजलं, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा गुणाबाईच्या तोंडून निघून गेलं, "आकडी आलेली. डाग दिला."

खटला अलिबागला उभा राहिला. जामिनावर ती घरी आली तर सगळं गाव तिच्या बाजूनं. ठमाबाई ओट्यावर बसून हातवारे करून सांगायची, "मी काय थोड्या पोरांना डाग दिलाय? पोलिसांनी मना कवा नाय धरला! तुजं नशीब फुटकं, दुसरं काय!" बायका हसायच्या. गुणाबाई घरात जाऊन देवघरासमोर उभी राहायची. काडी पेटवायची, विझू द्यायची. देवापुढं खोटं घेऊन दिवा लावायला तिचा हात धजत नव्हता.

सरकारनं दिलेले वकील दीनानाथ बरे होते. म्हणाले, "बाई, आकडी, रूढी, अडाणीपणा. एवढंच धरून ठेवा. थोडक्यात सुटाल."

ती धरूनही ठेवणार होती. पण गणू यायचा. मधल्या काळात त्यानं भामाशी दुसरं लग्न केलं होतं. भांडायला नाही, दाराशी उकिडवा बसून एकच विचारायचा.

"आक्का, कती येला आली आकडी?"

"दोन."

पुढच्या महिन्यात पुन्हा. त्या वेळी तिनं तीन सांगितलं. मग एकदा तो खाली बघत म्हणाला, "माज्या आयशीला फेफरं व्हतं. त्यातच गेली ती. म्हंजे माज्याच रगतातून आलं मनीला. भामाला आता सातवा हाय. पोर झालं तं त्याचंबी असंच..."

तो गेल्यावर गुणाबाई दारातच बसली. एक पोर गेली होती. आता जन्माला न आलेल्या पोरावरही आपण डाग ठेवतोय, असं तिला वाटलं.

कोर्टात साक्षी झाल्या. ठमाबाई ठणकावून बोलली. शेवटी जजसाहेबांनी विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

"मनीला आकडी नव्हती साहेब. कवाच नव्हती. अंथरुनात मुतली म्हनून मना राग आला. रागानं भाजली मी तिला."

दीनानाथांनी हातातला कागद खाली ठेवला. मागं बसलेली ठमाबाई म्हणाली, "येडी झाली गो ही!"

सात वर्षांची सक्तमजुरी झाली. बाहेर व्हरांड्यात पोलीसबाई तिला घेऊन निघाली तेव्हा गणू आडवा आला. तो मारणार असं वाटून पोलीसबाई मध्ये झाली. त्यानं हात उचललाच नाही.

"खरंच नव्हती आकडी?"

"नाय. तुज्या रगतात काय नाय गणू. भामाला सांग."

त्यानं मोठा श्वास सोडला. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

"म्हंजे ती सुद्दीत व्हती. रडली आसंल."

"रडली."

"कोनाला हाक मारली?"

गुणाबाईनं मान वर केली. खोटं बोलायला तिच्यापाशी आता काही उरलं नव्हतं.

"मनाच. आये, आये करीत माज्याच गल्यात पडली."

गणू बाजूला झाला. गाडीकडे जाताना तिनं मागं वळून पाहिलं नाही.