अण्णाचा जुना खेळ

अण्णा गेल्याचं वैनीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी कुकर लावत होते. "सुमा, तुझा अण्णा उठंना झालाय गं," एवढंच ती म्हणाली आणि मग फोन शेजारच्या कुणीतरी घेतला. राजारामपुरीतून गडमुडशिंगीला जायला असा काय वेळ लागतो, पण त्या सकाळी रस्ता संपता संपेना. त्याच्या पिठाच्या गिरणीमागच्या खोलीत तो रोजच्यासारखाच कुशीवर झोपलेला होता. दुखणं नाही, दवाखाना नाही, तोंडावर कसला ताण नाही. मी त्याच्या पायाशी बसून रडले आणि रडता रडता आत काहीतरी सैल होत गेलं... ते काय होतं हे कळायला मधले काही आठवडे जावे लागले. मला सुटल्यासारखं वाटत होतं. सख्खा भाऊ गेल्यावर असं वाटणं बरं दिसत नाही, म्हणून कुणाजवळ बोलले नव्हते. पण अण्णा मोकळा होऊन गेला, मनात कसली सल न ठेवता गेला, आणि एक काळ असा होता की तो असा जाईल याची मला अजिबात खात्री नव्हती.

आम्ही मूळचे नेसरीकडचे. अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तरुणपणी कोल्हापुरात येऊन महाद्वार रोडला साड्यांचं दुकान टाकलं. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. अण्णा थोरला, मी शेंडेफळ. थोरल्यानं दुकान सांभाळायचं हे कुणी न बोलताच ठरलेलं होतं, आणि तसा अण्णा गल्ल्यामागं शोभायचाही. आवाज मोठा, बोलणं गोड. आलेल्या बाईला "या अक्का, बसा" आणि तिच्या मालकाला "पावणं, च्या सांगतो की" असं म्हणून तो दोघांना गादीवर टेकवायचाच. पण साडी काढायची वेळ आली की घोळ व्हायचा. कुणी डाळिंबी मागावी आणि यानं मेंदी रंगाची पसरावी. गिऱ्हाईक हसायचं, अण्णाही हसून दुसरी काढायचा. अप्पा मात्र हसायचे नाहीत. दिवाळीआधी दुकान झाडून फळ्या नव्यानं लावल्या की पुढचे काही दिवस अण्णा अगदी कावराबावरा असायचा. साड्या तो त्यांच्या जागेवरून ओळखत होता हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही. त्याच्यासुद्धा नाही. आपण जसं बघतो तसंच सगळे बघतात असं कुणालाही वाटणार. त्याला वाटायचं, लोकांना रंगांची नावं पाठ होतात, आपल्याला होत नाहीत.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. एका मोठ्या घरचा लग्नाचा बस्ता आमच्या दुकानात बांधला गेला. नवरीसाठी हिरवा शालू पसंत केला होता, आणि त्याच काठापदराचा, त्याच वेलबुट्टीचा दुसरा शालू चॉकलेटी रंगात होता. अण्णानं बांधून दिला तो चॉकलेटी. हळदीच्या आदल्या दिवशी नवरीचे चुलते ते गाठोडं घेऊन दुकानात आले. गर्दी होती. अप्पांनी हात जोडले, हिरवा शालू दिला, वर नवरीच्या आईला एक साडी दिली, त्यांना दारापर्यंत पोचवलं. मग मागं फिरून भरल्या दुकानात अण्णाला म्हणाले, "डोळं फुटल्यात काय तुझं? हिरवा आणि चॉकलेटी कळंना तुला? ध्यान कुठं असतंय?" मी तेव्हा अप्पांचा डबा घेऊन गेले होते, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलंय. परत आलेला तो शालू समोर घेऊन अण्णा कितीतरी वेळ त्याच्याकडं बघत उभा राहिला.

त्यानंतर लवकरच त्यानं दुकान सोडलं. वैनीचं माहेर गडमुडशिंगीचं. तिच्या वडिलांची पिठाची गिरणी बंद पडून होती, ती अण्णानं चालू केली आणि दोघं तिकडंच राहायला गेली. भांडण असं काही झालं नाही. सणावाराला तो घरी यायचा, अप्पांच्या पाया पडायचा, जेवून जायचा. फक्त दुकानाची पायरी तो पुन्हा चढला नाही. आणि पाहुण्यारावळ्यांत त्याच्या नावाला एक शब्द कायमचा चिकटला, वेंधळा. कुणी लग्नपत्रिका द्यायला आलं तरी वैनीच्या हातात द्यायचं, "त्याच्याजवळ दिऊ नगा, इसरंल" म्हणून. अण्णा हे ऐकायचा आणि गिरणीचा पट्टा नीट बसला की नाही ते बघायला उठून जायचा. गिरणी मात्र त्यानं झकास चालवली. केसांपासून पापण्यांपर्यंत पांढरा झालेला अण्णा, खांद्यावर टॉवेल... माझ्या डोळ्यांसमोर तोच येतो.

दोन हजार सालानंतर अव्वाचं विसरणं सुरू झालं. आधी मीठ दोनदा पडायचं, मग घरातली वाट चुकायला लागली. शेवटी शेवटी तर अण्णा भेटायला गेला की ती पदर सावरून त्याला विचारायची, "कुणीकडचं म्हणायचं पावणं?" तो तिच्या पायाशी बसून गाव सांगायचा, नाव सांगायचा, आणि थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं की पुन्हा सांगायचा. अव्वा गेली तेव्हा सगळ्यांत जास्त तोच खचला.

ते दशक संपता संपता आपल्याकडं अँड्रॉइडचे फोन नुकते यायला लागले होते. मी राजारामपुरीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते, त्यामुळं असलं काही नवं आलं की माझ्या हातात लवकर यायचं. अण्णाला कोडी फार आवडायची. पेपरातलं शब्दकोडं तो गिरणीतच सोडवत बसायचा. म्हणून पाडव्याला मी त्याला तसला फोन घेऊन दिला आणि त्यात मण्यांचा एक खेळ घालून दिला. पडदाभर मणी पसरलेले, एकसारखे मणी एका दोऱ्यात ओवत न्यायचे, दोरा कुठं अडकू द्यायचा नाही. कुठला मणी चांदणीसारखा, कुठला पानासारखा, कुठला थेंबासारखा. अण्णानं त्यात असं काही डोकं घातलं की बघत राहावं. वर दळण पडतंय, खाली हा दोरे ओवतोय. माझ्या क्लासमधली पोरं जिथं अडकायची त्याच्या कितीतरी पायऱ्या पुढं तो गेला. भेटला की पहिल्यांदा तेच सांगायचा. त्या दिवसांत तो ताठ चालायला लागला होता असं वैनी म्हणायची, आणि ते खरं होतं.

मग एका दुपारी तो माझ्या घरी आला. आधी पाणी प्याला, मग फोन माझ्यापुढं ठेवला आणि भिंतीकडं बघत म्हणाला, "सुमे, अव्वाचं मला लागलंय."

मला काही कळेना. हळूहळू त्यानं सांगितलं. काही दिवसांपासून त्याला खेळ जमत नव्हता. वरच्या पायऱ्या सोड, पहिल्या पायरीवरसुद्धा बोट चुकत होतं. मणी समोर दिसतायत पण कुठला कुणाबरोबर हे डोक्यात शिरत नाही, म्हणाला. तेव्हापासून तो स्वतःची परीक्षा घेत होता. भावकीतली नावं म्हणून बघायचा, पोतं कुणाचं ते आठवून बघायचा. स्कूटर चालवायची बंद केली होती. डोकं ठिकाणावर आहे तोवर गिरणी विकून टाकावी असं त्याच्या मनात होतं, आणि वैनीला यातलं काहीही माहीत नव्हतं. "मी तिला पावणी म्हणायच्या आत सगळं लावून ठेवतो," असं तो म्हणाला.

मी खेळ उघडून बघितला. तो आपोआप नव्या आवृत्तीचा झाला होता. जुने मणी जाऊन तिथं गोल, चकचकीत गोट्या आल्या होत्या, दिसायला फार सुरेख. मला वाटलं, रूप बदललं म्हणून अण्णा बिचकला असेल. जुना खेळ परत आणला तर निदान धीर तरी येईल. पण ते काम वाटलं तेवढं सोपं नव्हतं. फोनमधल्या ॲपच्या दुकानात फक्त नवीच आवृत्ती मिळायची. जुनी इंटरनेटवर इकडं तिकडं शोधावी लागायची. क्लासच्या कॉम्प्युटरवर एक फाईल उतरवली, वायर लावून फोनमध्ये घातली, अनोळखी ठिकाणचं काही चालणार नाही असं फोन म्हणाला तर ते कुलूप सेटिंगमध्ये जाऊन काढलं, आणि उघडून बघते तर भलताच खेळ, नुसत्या जाहिराती. दुसरी फाईल उघडायची आणि लगेच मिटायची. तिसरी चांगली होती, पण आधीची नवी आवृत्ती काढल्याशिवाय ती बसेना. आणि नवी काढली की अण्णानं एवढ्या चढलेल्या सगळ्या पायऱ्या पुसल्या जाणार होत्या. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "काढ. पैल्यापास्नं चढतो. चढायला येतंय का तेच बघायचंय."

आणि तो चढला. माझ्या समोर बसून, एकामागं एक, थांबलाच नाही. मी चहा टाकून आले तोवर बराच पुढं गेला होता. त्याचे ताठलेले खांदे सैल झालेले मला दिसले. त्या दिवशी तो जेवून गेला.

पण आठवडाही झाला नसेल, तो परत आला. फोननं आपलं आपणच खेळ पुन्हा नवा करून टाकला होता, आणि अण्णा पुन्हा पहिल्या पायरीवर अडला होता. आपोआप बदलायची सोय बंद करायची माझ्याकडून राहिली होती. आता ती बंद केली, जुना खेळ पुन्हा बसवला, आणि मग कसं कोण जाणे, माझ्या फोनवर नवा खेळ उघडून त्याच्या फोनशेजारी ठेवला. दोन्ही पडदे शेजारी शेजारी. म्हटलं, अण्णा, यात तुला जमतं आणि यात नाही, तर अडतंय कुठं ते दाखव. त्यानं जुन्यावर बोट ठेवलं, ही चांदणी, हे पान, हा थेंब. मग नव्यावर ठेवलं. "ह्यात काय ओळखायचं? सगळ्या गोट्या एकसारख्याच की."

"एकसारख्या कशा? रंग वेगळे आहेत ना. ही लाल, ही हिरवी, ही चॉकलेटी."

तो वाकून बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "कुठं?"

मला एकदम दुकान आठवलं. दुसऱ्या दिवशी त्याला आणि वैनीला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्यांनी रंगीत ठिपक्यांची चित्रं पुढं ठेवली. ठिपक्यांत लपलेला आकडा मला आणि वैनीला पटकन दिसत होता. अण्णा नुसते ठिपके बघत होता. बाईंनी समजावून सांगितलं की हे जन्मापासूनचं आहे, काही रंग याला वेगळे दिसतच नाहीत, यात औषध नाही आणि हे वाढतही नाही. त्याच्या खेळाचं सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या की आठवणीशी याचा काही एक संबंध नाही, डोकं तर तुमचं आमच्यापेक्षा चांगलं चालतंय. वैनीला तेव्हा कळलं की हा इतके दिवस कसली भीती घेऊन बसला होता, आणि ती तिथंच त्याच्यावर चिडून रडायला लागली.

बाहेर आल्यावर अण्णा दवाखान्याच्या पायरीवर बसला. आम्हाला वाटलं चक्कर आली. तो समोरच्या रस्त्याकडं बघत होता... मग म्हणाला, "म्हंजे सुमे, माझं ध्यान हुतं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "ध्यान हुतं की गं माझं."

तिथून तो तडक महाद्वार रोडला गेला. आम्ही दोघी मागोमाग. अप्पा ऐंशीच्या पुढं गेले होते, दुकान नोकरांच्या हातात होतं, पण रोज येऊन गादीवर बसायचे. अण्णा पायरी चढून आत आला तसे ते चष्मा सावरून बघायला लागले. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते मीच त्यांना सांगितलं. त्यांना पटेना. त्यांनी नोकराला एक हिरवी आणि एक चॉकलेटी साडी काढायला लावली आणि स्वतः अण्णापुढं पसरल्या. अण्णानं दोन्हींवरून हात फिरवला. "पोत येगळा हाय अप्पा. रंग म्हणाल तर मला दोन्ही एकच."

अप्पांनी दोन्ही साड्यांच्या घड्या घातल्या. मग त्यांचा आवाज आला, एरवीसारखा मोठा नव्हता. "मग सांगायचं न्हाईस व्हय लेका?"

"मला तरी कुठं ठावं हुतं अप्पा."

अप्पा गादीवर जरा सरकले, शेजारी जागा केली आणि हातानं थोपटून म्हणाले, "बस हितं." दुकान बंद होईपर्यंत दोघं तसेच बसून होते. काय बोलत होते कुणास ठाऊक, मधून मधून अप्पा कुठल्या तरी साडीकडं बोट करायचे आणि अण्णा मान हलवायचा. पुढं अप्पा असेपर्यंत दर सोमवारी, गिरणीच्या सुट्टीला, अण्णा तिथं जाऊन बसायचा. विकायचा नाही काही. गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा.

अण्णा त्यानंतर बदलला असं मी म्हणणार नाही. तो होता तसा दिसायला लागला. वेंधळा म्हणायचं सगळ्यांनी बंद केलं, आणि कुणी चुकून म्हटलंच तर तोच हसून ठिपक्यांची गोष्ट सांगायचा. पुढं फोन बदलले. प्रत्येक नव्या फोनवर मी तोच जुना खेळ बसवून द्यायचे, आणि नवे फोन तो खेळ घेईनात तेव्हा अण्णानं एक जुना फोन खास खेळासाठी ठेवला. पण मला त्याची लाज गेलेली फार आवडायची. आयुष्यभर ज्या प्रश्नाला तो भ्याला तोच आता कुणालाही बिनधास्त विचारायचा. पन्हाळ्याला गेलो तर चहावाल्याला विचारलं, "पावणं, ती समोरची उतरंड कुठल्या रंगाची म्हणायची?" आणि तो माणूसही मन लावून सांगत बसला. घरात हे काम वैनीचं. सकाळी सदरा हातात देताना ती रंग सांगायची, ताटातली भाजी वाढताना सांगायची, दारात कोण आलंय ते सांगताना त्याच्या कपड्यांसकट सांगायची.

परवा रविवारी मी वैनीकडं गेले होते. गिरणी आता तिनं एका माणसाला चालवायला दिलीय, पट्ट्याचा आवाज येत होता. ती ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मला बघितलं आणि मान आतल्या खोलीकडं वळवून सवयीनं म्हणाली, "सुमा आली वं, आंब्याच्या रंगाची साडी नेसून." मग थांबली. माझ्याकडं बघून ओशाळल्यासारखं हसली आणि शेंगांचं सूप सरकवून मला बसायला जागा केली.