बिनदातांचं क्लॅरोनेट

नरसय्याअण्णा लग्नाच्या गावी पोचले की नवरदेव कोण, मंडप कुठे, असली चौकशी कधी करायचे नाहीत. गाडीतून उतरायचे, क्लॅरोनेटची पेटी काखेत मारायचे आणि वासाच्या मागावर सरळ आचाऱ्याकडे जायचे. तिथे पातेल्यावरचं झाकण उचलून आत डोकावायचे, आचाऱ्याशी चार शब्द बोलायचे आणि परत येऊन आम्हाला हुकूम सोडायचे, ‘‘गव्हाची गोड हुग्गी हाय, वर तूप बी हाय. माणसं निवांत हायत. संथ चाल धरा.’’ नाहीतर, ‘‘भात अजून चुलीवर चढला न्हाय. वरात लांबवायला सांगतील बघा. दम राखून वाजवा.’’ आमचे बँडमालक दस्तगीरभाई यजमानांशी तासभर बोलून जी माहिती काढून आणत, ती अण्णांनी पातेल्यात आधीच बघितलेली असायची.

मी या बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो. एरवी सोलापुरात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो आणि लग्नसराई लागली की दुकान भावावर सोपवून गाडीत चढतो. अण्णांना असं दुसरं दुकान नव्हतं. ते शहराच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू बोलणारे, वाडवडील विणकर. तरुणपणी स्वतःही मागावर बसलेले. ‘‘माग जन्मभर एकच ताल धरतोय की,’’ ते सांगायचे, ‘‘एका गाण्यावर माणूस किती नाचणार? उठलो.’’ उठले ते थेट बँडच्या गाडीत येऊन बसले. ड्रायव्हरच्या मागची खिडकीची जागा त्यांची. तिथे चुकून कुणी बसलं तर अण्णा भांडायचे नाहीत, नुसते त्याच्या शेजारी बसून नवीन चाल बसवायला घ्यायचे. दहा मिनिटांत जागा रिकामी व्हायची.

त्यांच्या पायाशी कापडी पिशवी असे. तिच्यात कडक भाकऱ्या आणि शेंगांची चटणी. गाडीनं शहर सोडलं की पिशवी उघडायची आणि भाकरी मोडल्याचा कडाकड आवाज सुरू व्हायचा. आमचा ड्रायव्हर सिद्धाराम, हाच वरातीत जनरेटरही सांभाळतो, तो मागे न बघता म्हणायचा, ‘‘अण्णा, गिअर टाकताना जरा थांबा की. कुठला आवाज कुणाचा, कळंना झालंय.’’ अण्णा त्याला एक तुकडा द्यायचे आणि त्याच्या तोंडातला आवाज कुठल्या पट्टीत आहे ते आम्हाला सांगायचे.

म्हणून एका सीझनच्या सुरुवातीला अण्णांनी भाकरी चहात बुडवून खाल्ली, तेव्हा मी चमकलो. त्यांनी मिशीवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. वरचे पुढचे दात गेले होते आणि खालच्यांचाही भरवसा उरला नव्हता. तुमचे आमचे दात गेले तर जेवणाची पंचाईत. क्लॅरोनेटवाल्याचे गेले तर धंदाच बसतो, कारण ते वाद्य दातांच्या आधारानेच तोंडात धरायचं असतं. आधार गेला की वारा गालातून निसटतो आणि सुराच्या जागी नुसता फुसका आवाज येतो.

त्यात वेळही वाईट होती. दस्तगीरभाईंनी नुकतेच माणसाएवढ्या उंचीचे नवे स्पीकर घेतले होते आणि गाडीत माणसं मावेनाशी झाली होती. ‘‘हा सीझन असाच काढू. पुढच्याला कुणाला तरी उतरावं लागेल,’’ असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं. सांगताना अण्णांकडे बघायचं तेवढं टाळलं. कीबोर्डात क्लॅरोनेटचाही आवाज असतो, हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. अण्णांना पुण्याहून मुलगा बोलवत होता. सहाव्या मजल्यावर फ्लॅट, सगळ्या सोयी. अण्णा एकदा जाऊन आले होते. ‘‘लिफ्टनं वर जायाचं, लिफ्टनं खाली यायाचं. ह्याला काय परवास म्हणायचं का?’’ त्यांना उतरायचं नव्हतं. त्या खिडकीशिवाय अण्णा कसे दिसतील, हे मला डोळ्यांपुढे आणता येईना आणि आणावंसंही वाटेना.

आधी त्यांनी कवळी करून बघितली. तुळजापूर रस्त्यावरच्या एका गावात ती पहिल्याच वरातीत, वरच्या सुरावर, क्लॅरोनेटसोबत बाहेर आली आणि घोड्याच्या पायांशी पडली. दस्तगीरभाई पुढे गर्दी हटवत होते म्हणून वाचलो. ढोलवाल्यांनी आभाळाकडे बघून ढोल बडवला. वरमाईनं मात्र ती उचलली, पदरानं पुसली आणि अदबीनं पुढे केली, ‘‘पाव्हनं, तुमचं कायतरी पडलंय.’’ अण्णांनी दोन्ही हातांत ती घेऊन कपाळाला लावली. ‘‘शकुनाचं हाय, बाई. घोड्याच्या पायात दात पडला की संसार घट्ट हुतोय.’’ असा काही शकुन जगात नाही. पण ती बाई खूश होऊन गेली आणि आत जाऊन तिनं आम्हाला तुपाची वाटी पाठवली.

दुसऱ्या दिवशी अण्णा माझ्या दुकानात आले. बराच वेळ चार्जरच्या वायरी चाचपत उभे राहिले. मग म्हणाले, ‘‘तुझ्या मशीनमधे माझा आवाज हाय म्हणं. ऐकीव.’’

मी कीबोर्ड लावून दोन ओळी वाजवल्या. अण्णांनी डोळे मिटून ऐकलं.

‘‘हे क्लारनेट आत्ताच आंघोळ करून आलंय,’’ ते म्हणाले. ‘‘लई स्वच्छ हाय. जरा मळीव. आणि मधे मधे श्वास घे की. वाजवणारा माणूस हाय, पंखा न्हाय.’’

तो सबंध सीझन आम्ही असा काढला. अण्णा पुढे, गाल फुगवून, बोटं चालवत. मी मागे ढकलगाडीवर, त्यांच्या गालांवर नजर ठेवून. गाल बसले की थांबायचं, फुगले की वाजवायचं. मला ते इतकं जमायला लागलं की मी स्वतःच श्वास रोखून वाजवायचो आणि वरात संपेपर्यंत धापा टाकायला लागायचो. घोळ फक्त एकदा झाला. नवऱ्यामुलाच्या मामांनी प्रेमानं पुढे केलेलं पान अण्णांनी सवयीनं घेतलं, तोंडात टाकलं, ‘‘मसाला चांगला हाय,’’ असं म्हणाले सुद्धा, आणि त्या वेळी माझी बोटं रंगात आली होती. क्लॅरोनेट काखेत आणि सूर गावभर. कडेला उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढून हात जोडले. ‘‘तोंड न लावता वाजतंय,’’ तो शेजाऱ्याला म्हणाला, ‘‘मोठी साधना असनार.’’ अण्णांनी त्याला पान चघळत आशीर्वाद दिला.

दस्तगीरभाई तर भलतेच खूश होते. ‘‘क्या अण्णा, या सीझनला फुंकीत मध आलाय तुमच्या,’’ ते टेंभुर्णीच्या ढाब्यावर सगळ्यांसमोर म्हणाले. मला वाटलं, जिंकलो, आता खिडकी वाचली. मी टेबलाखालून अण्णांच्या पायाला पाय लावला. अण्णा हसले नाहीत. भाई हात धुवायला गेल्यावर ते हळूच म्हणाले, ‘‘जेवतोयस तू आन् ढेकर मी देतोय.’’

तिथून पुढे गाडी कुठेही थांबली की अण्णा पेटी घेऊन मागच्या बाजूला गायब व्हायचे. तिकडून जो आवाज यायचा तो ऐकून एका ढाबेवाल्यानं बाहेर येऊन विचारलं, ‘‘कुणाचं करडू अडकलंय का वो तारंत?’’ मी विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, ‘‘बकरीला सूर शिकवतोय. ती तयार हाय, बोकड ऐकंना झालाय.’’

मैंदर्गीची वरात त्या सीझनची शेवटची. संध्याकाळची वेळ, बाजारपेठेचा रस्ता, दुतर्फा माणसं. पाहुणे निम्मे कानडी बोलणारे आणि नाचायला हौशी. माझ्या कीबोर्डातलं क्लॅरोनेट ऐन भरात असताना जनरेटरनं एक उचकी दिली आणि बंद पडला. दिवे गेले, स्पीकर गेले, माझं मशीन गेलं. ढोलवाले बावरून थांबले. त्या शांततेत अण्णा गाल फुगवून, डोळे मिटून, झोकात उभे होते आणि त्यांच्या वाद्यातून चकार आवाज येत नव्हता.

वीज गेली की क्लॅरोनेट का बंद पडावं, हा प्रश्न गर्दीला जरा सावकाश पडला. घोड्याशेजारचा एक पाहुणा म्हणाला, ‘‘ह्याची बी वायर निसटली काय?’’ मग हशा पिकला. दस्तगीरभाई वळले. आधी अण्णांकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा अण्णांकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.  खिडकी गेली, आणि जाताना अण्णांची अब्रूही घेऊन गेली, असं मला वाटलं.

अण्णांनी ओठ ओले केले. दोन्ही ओठ हिरड्यांवर आत दुमडले आणि फुंकर मारली. करडू ओरडलं. लोक पुन्हा हसले. अण्णांचा डावा हात पाठीमागे गेला आणि हवेत जोरजोरात हलायला लागला. मला वाटलं, हसणाऱ्यांना गप्प करताहेत. मग तो हात थकून पुन्हा वाद्यावर आला आणि दुसरी फुंकर गेली. या वेळी सूर आला. पूर्वीचा टोकदार सूर नव्हता. खालचा, खरबरीत, वाऱ्यानं भरलेला, रडून झाल्यावर बोलणाऱ्या माणसासारखा. हळदीला बायका म्हणतात त्यातली एक संथ चाल त्यांनी धरली. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं हात वर केला, ‘‘ऊद्री अण्णा, ऊद्री,’’ म्हणजे फुंका, अण्णा, फुंका. आणि ती गायलाच लागली. तिच्या मागून बाकीच्या बायका. ढोलवाल्यांनी हलक्या हातानं ठेका दिला. वरात मंडपाच्या दारापर्यंत अशी गेली, बिनविजेची, आणि कुणीही हसलं नाही. मला काही काम नव्हतं, म्हणून मी ढकलगाडीवर बसून रडून घेतलं. अण्णांनी उंबऱ्यापाशी शेवटचा सूर सोडला आणि मगच जनरेटर सुरू झाला.

परतीला गाडी वळसंगला थांबली. तिथे चहाला उतरल्यावर दस्तगीरभाईंनी विचारलं, ‘‘अण्णा, दात कधी गेले?’’

‘‘दिवाळीच्या आदी.’’

‘‘मग सीझनभर कोण वाजवत होतं?’’

अण्णांनी कपबशीनं माझ्याकडे बोट केल्यासारखं केलं.

‘‘आणि आज?’’

‘‘आज मी.’’

भाईंनी चहा संपवला, कप खाली ठेवला. ‘‘हौ,’’ ते म्हणाले, ‘‘एक स्पीकर परत देतो. लई जागा खातोय तो.’’

त्यानंतर अण्णा आणखी काही सीझन त्या खिडकीत बसले, भाकरी भिजवून खात. गेले ते भर पावसाळ्यात, लग्नाच्या तिथी नसतात त्या दिवसांत. एकही सुपारी बुडवली नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे त्यांच्या दारात बसलो होतो. मैंदर्गीची गोष्ट निघालीच. मी म्हणालो, ‘‘जनरेटर पण नेमका त्याच वेळी बंद पडायचा होता.’’

सिद्धाराम चपलेचा अंगठा नीट करायला लागला.

‘‘पडला न्हवता,’’ तो म्हणाला. ‘‘मी पाडला. अण्णानंच सांगितलं हुतं सकाळी. बाजारात शिरलो की बंद कर, आन् मंडप येईस्तवर चालू करू नको. मी भिऊन मागं हात करीन बघ, लई हात करीन. तू माझ्याकडं बघूच नको, म्हणाला.’’

त्यानं नाक पुसलं.

‘‘लई हात केला की त्यानं. मी न्हाई बघितलं.’’